तारामणीची चमकी

बालाघाट
१७ एप्रिल १९६८

प्रिय पुष्पलता,

पाकिटावरचं अक्षर माझं दिसलं तर तू पत्र न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पत्ता पुनारामकडून लिहून घेतला. पुनाराम म्हणजे आमच्या छापखान्यातला कंपोजिटर. फसवून वाचायला लावलं म्हणून चिडू नकोस, हा सगळा मामलाच फसवणुकीचा आहे. आधी एक सांगतो. पुढच्या गुरुवारी, पंचवीस तारखेला, तू नागपूरहून गोंदियाला येणार, तिथून छोट्या लाईनच्या गाडीनं दुपारी तीनला बालाघाटला उतरणार आणि मग वारासिवनीला घरी जाणार, असं ठरलं आहे. त्या गाडीनं येऊ नकोस. एवढंच लिहून थांबलो असतो तर तू म्हणाली असतीस की वसंताचं डोकं पुन्हा फिरलं, लग्नाची बातमी ऐकून काहीबाही लिहून राह्यला. तसं नाही. डोकं फिरलेलं होतं, पण ते मागच्या वर्षीच्या होळीला. तेव्हापासूनचं सांगतो, आणि तू हे बसून वाच.

गॅदरिंगमधली ती गोष्ट तू विसरली नसशील. तू स्टेजवर होतीस, मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारून काही बोललं, आणि मी उठून, तुझं नाव घेऊन, त्याचा दात पाडला. प्राचार्यांनी माफीनामा मागितला. मी नाही दिला. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातून ट्रंक उचलून निघालो तेव्हा मला वाटत होतं, तू फाटकापर्यंत येशील, डोळ्यात पाणी असेल. तू आलीस, पण म्हणालीस, "तू मले वाचवलं नाही, वसंता. माह्यं नाव साऱ्या हॉलले सांगितलं तू." मला त्या वेळी फार राग आला होता. गाडीत गोंदियापर्यंत मी खिडकीच्या गजाला डोकं टेकून तुला उलट उत्तरं देत होतो. आज ते वाक्य मला पाठ आहे, आणि उत्तर एकही आठवत नाही.

त्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, एक वस्तू होती. तुला ती माहीत नाही. कॉलेजच्या वार्षिकांकाचा विद्यार्थी-संपादक मी होतो, आठवतं? त्यात तुझा फोटो छापला होता, नाटकात बक्षीस मिळालं म्हणून. त्या फोटोचा ब्लॉक केला होता, तळहाताएवढा, लाकडावर जस्ताचा पत्रा ठोकलेला. अंक निघाल्यावर तो ऑफिसात परत द्यायचा असतो. मी दिला नाही. चोरी म्हण हवं तर. इथे घरी आल्यावर बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, आई जेवताना ताट सरकवून द्यायची, आणि मी माळ्यावर बसून त्या ब्लॉकवर शाईचं बोट फिरवून वहीच्या कागदावर तुझा चेहरा उमटवत बसायचो. धूसर यायचा, पण यायचा.

मग बाबूलालजींच्या छापखान्यात लागलो. 'जिल्हा डंका' नावाचं त्यांचं साप्ताहिक आहे, हिंदी, दर शुक्रवारी निघतं. धान्याचे भाव, मोटारीचे अपघात, कोणाचा सत्कार, कोणाचं उत्तरकार्य. बाबूलालजी मालक आणि संपादक, पुनाराम अक्षरांचे खिळे जुळवणार, बाकीचं सगळं मी. नागपूर बारा वर्षांपूर्वी मुंबई राज्यात गेलं आणि आपण इकडे मध्य प्रदेशात राहिलो, त्यामुळे माझी हिंदीही आता बरी झाली आहे. तुला मात्र मराठीतच लिहितो आहे. ह्या भाषेत मी अजून काही खोटं छापलेलं नाही.

तर मागच्या वर्षीची होळी. तुला माझा स्वभाव माहीत आहे. ज्या गोष्टीची लोकांना भुरळ, तिची मला चीड. गावात सिनेमाच्या बायांचं वेड असं वाढलं होतं की एक नटी गोंदियाला गाडी बदलायला पाऊण तास थांबली, तर तिनं चहा पिऊन टाकलेला मातीचा कुल्हड आमच्या गल्लीतल्या एकानं आणून देवघरात ठेवला. मी बाबूलालजींना म्हटलं, होळीच्या अंकात ह्यांची जिरवू. होळीचा अंक म्हणजे थट्टेचा अंक, सगळ्यांना माहीत असतं. मोठमोठ्या लोकांना गाढवाच्या उपाध्या द्यायच्या आणि शेवटच्या पानावर तळाशी ठळक ओळ, बुरा न मानो, होली है. त्या ओळीनं सगळं माफ होतं. मी एक नटी जन्माला घातली. नाव मृणालिनी ठेवणार होतो, पण मोठी लाकडी अक्षरं आमच्याकडे सर्कशीच्या जाहिरातींसाठी घेतलेली आहेत, त्यात 'मृ' नाही. पुनारामनं धड असलेली अक्षरं फरशीवर मांडली आणि त्यातून जे जुळलं ते नाव ठेवलं. कुमारी तारामणी. बालाघाट जिल्ह्याची कन्या, मुंबईत गाजते आहे, तीन चित्रपटांत काम केलं आहे, आणि तिची कला एवढी थोर की तिन्हींत ती एकाही दृश्यात दिसत नाही. असं लिहिलं होतं मी. स्पष्ट.

फोटो हवा होता. नागपूरहून नवा ब्लॉक करून आणायला वेळ नव्हता. म्हणजे, हे मी बाबूलालजींना सांगितलं. खरं असं की मला तुझा चेहरा शुक्रवारच्या पानावर पाहायचा होता. कोणी ओळखू नये म्हणून गालावर एक काळा तीळ करावा असं ठरवलं आणि टोच्यानं पत्र्यावर एक खळगा कोरला. वर्षभर छापखान्यात वावरलेला माणूस ही चूक करतो, ह्यावरून माझ्या डोक्याची काय अवस्था होती ते समज. खळग्यात शाई बसत नाही. जे कोरलं ते कागदावर पांढरं उमटतं. त्यात टोचा घसरला. छापून आलं तेव्हा तीळ नव्हताच, तुझ्या नाकपुडीवर एक पांढराशुभ्र ठिपका चमकत होता, हिऱ्याची चमकी घातल्यासारखा. पुनाराम म्हणाला, बाई शोभते. मलाही ते खरंच वाटलं.

आणि मग ती ओळ सांडली. आमचा अंक दोन सुट्या पानांचा. पहिल्या पानाच्या दोन्ही बाजू छापून झाल्या, त्यात तारामणी होती, आणि बाकी नेहमीच्या बातम्या. गाढवाच्या उपाध्या आणि ती ओळ दुसऱ्या पानावर. पुनारामनं शेजाऱ्याकडची भांग घेतली होती. त्या पानाचा जुळवलेला फर्मा उचलताना हातून निसटला आणि सगळे खिळे फरशीवर पसरले. सणाचा दिवस तोंडावर, परत जुळवणार कोण? बाबूलालजी म्हणाले, पहिलं पान तेवढं जाऊ द्या गावोगावच्या मोटारींवर. 'होली है'चे काही खिळे अजून फरशीच्या फटीत आहेत, झाडताना दिसतात.

पुढच्या शुक्रवारी ओळ छापायची असं ठरलं होतं. पण त्या आठवड्यात अठ्ठावीस पत्रं आली. किरनापूरच्या एका गुरुजींनी लिहिलं, तारामणी माझ्या वर्गात होती, गणितात कच्ची. लांजीच्या लोकांनी कळवलं की किरनापूरशी तिचा काही संबंध नाही, ती आमची. तीन जणांनी तिचे चित्रपट गोंदियाला पाहिले होते आणि तिचं काम फार आवडलं होतं. मी हसून हसून पोट धरलं. बाबूलालजी हसले नाहीत. पत्रं सारखी करून खिशात ठेवत म्हणाले, "वसंत बाबू, अब वो लाइन मत छापो. होली तो हो गई."

तिथेच मी थांबायला हवं होतं. पण मला जोर चढला. म्हटलं, किती मूर्ख व्हाल ते पाहू. दर शुक्रवारी एक स्तंभ लिहू लागलो. तारामणीला सोमवारी शिंक आली. तारामणीनं वांगं सोडलं. खरं सांगतो, त्या आठवड्यात बाजारात वांगी पडून राहिली. जितकं येडपट लिहावं तितकं खरं धरलं जायचं. मग शिंका आणि वांगी संपली आणि सुचेना, तेव्हा मी तुझं घालू लागलो. चिंच मिठात बुडवून खाते. जिना चढताना पायऱ्या मोजते. डाव्या हातानं लिहिते. रागावली की बोलत नाही, वेणी सोडून पुन्हा घालते. सगळं तुझं, पुष्पलता, एकेक आठवून लिहिलं. नाव तेवढं तारामणीचं. लोक वाचायचे आणि मला वाटायचं, साऱ्या जिल्ह्याला मी तुझ्याविषयी सांगतो आहे आणि कोणाला कळत नाही. किती गोड वाटायचं ते, आज लिहायची लाज वाटते.

सर्वात वाईट ओळ जानेवारीत लिहिली. इतर नट्यांची थट्टा करायची म्हणून लिहिलं की आमची तारामणी मोटारीतून येत नाही. ती साध्या लुगड्यात, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून, पुस्तकांची पिशवी घेऊन आपल्या जिल्ह्यात येऊन जाते, आणि कोणी विचारलंच तर म्हणते, मी ती नव्हेच. ते चित्रही तुझंच होतं. गोंदियाच्या फलाटावर तू पिशवी मांडीवर घेऊन बसायचीस, ते.

त्यानंतर लोक स्टेशनवर उभे राहू लागले. स्टेशनाजवळ भैयालालचं सायकलचं दुकान आहे. सभ्य माणूस, माझ्या सायकलचं पंक्चर कितीदा त्यानं काढून दिलं असेल. त्यानं 'तारामणी प्रेमी मंडळ' काढलं. तीनची गाडी आली की पंधरा-वीस जण फलाटावर, बायकांच्या नाकांकडे पाहत. नुसते पाहायचे, आणि गाडी रिकामी झाली की चहा पिऊन परत जायचे. मी त्यांच्यावरही एक विनोदी स्तंभ लिहिला. तो त्यांनी दुकानात चिकटवला.

फेब्रुवारीत अनुसयाबाई नावाची एक नर्स नोकरीवर हजर व्हायला गोंदियाहून आली. एकटी, हातात पिशवी, नाकात चमकी. मी तिथेच होतो, पुढच्या स्तंभाला मजकूर मिळावा म्हणून. भैयालालनं हात जोडून तिला विचारलं, आप तारामणीजी हैं? ती बिचारी म्हणाली, मैं वो नहीं हूँ. आणि फलाटावर टाळ्या पडल्या. तिला वाटलं थट्टा आहे, ती हसली. मग कोणी चिंच पुढे केली, कोणी वही पुढे केली, डाव्या हातानं सही करा म्हणून. ती नाही नाही म्हणत गेली आणि प्रत्येक नाहीला लोक आणखी जवळ सरकले. कोणीतरी तोंड पाहायला पदर ओढला. कोणाचा हात चेहऱ्याकडे गेला. मी ओरडत आत घुसलो, तारामणी नावाची बाईच नाही, मी रचली आहे म्हणून, आणि दोघांना ठोसे मारले. ते माझ्यावर रागावलेसुद्धा नाहीत. एक म्हातारा माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, बाबूजी राज छुपा रहे हैं. तोवर अनुसयाबाईच्या नाकपुडीतून रक्त वाहत होतं आणि चमकी नव्हती. तिनं रडत उजव्या हातानं आपलं नाव लिहून दाखवलं तेव्हा ही ती नव्हे हे त्यांना पटलं, आणि मग ते चिडले. तिच्यावर. काहून फसवलं आमाले, असं एक जण तिलाच विचारत होता. ती त्याच गाडीनं परत गेली. हजर झालीच नाही.

पुढच्या शुक्रवारी मी पहिल्या पानावर काळ्या चौकटीत छापलं की तारामणी खोटी आहे, होळीची थट्टा होती, ओळ सांडली होती, माफ करा. बाबूलालजींनी छापू दिलं, मला आश्चर्य वाटलं. त्यांना लोक माझ्यापेक्षा चांगले कळतात. स्टेशनवर त्या शुक्रवारी पन्नास माणसं होती. मीच लिहिलं होतं ना, विचारलं तर नाही म्हणेल म्हणून.

मी ब्लॉक काढून घेतला, स्तंभ बंद केला. वाटलं, विझेल हळूहळू. मग परवा, सोमवारी, तुझे बाबा छापखान्यात आले. लग्नपत्रिकेचं प्रूफ पाहायला. हो, तुझी पत्रिका इथेच छापते आहे, आणि ती मी जुळवली आहे, पुनारामला हात लावू दिला नाही. तुझ्या नावातला 'ष्प' आमच्याकडे एकच आहे, झिजलेला, तो मी घासून साफ करून घेतला. अक्षय तृतीया, तीस एप्रिल, वारासिवनी. वराचं नाव जुळवताना माझी एकही चूक झाली नाही, हे तुला सांगायचं होतं. बाबा खुशीत होते. म्हणाले, गुरुवारी येऊन राह्यली पोरगी, तीनच्या गाडीनं, सासरच्यांनी नाक टोचून घ्यायला लावलं, रडली म्हणे. भैयालाल तेव्हा मंडळाची पावती-पुस्तकं छापून घ्यायला दारात उभा होता. बाबा गेल्यावर तो आत आला आणि काखेतून एक पुस्तक काढून फरशीवर उघडून ठेवलं. आपल्या कॉलेजचा वार्षिकांक, त्याच्या साळ्याकडून आणलेला. तुझा फोटो, खाली तुझं नाव आणि गाव, आणि पहिल्या पानावर संपादक म्हणून माझं नाव. शेजारी त्यानं 'डंका'चं पान ठेवलं. मी म्हटलं, ही दुसरी मुलगी आहे, तिचं लग्न आहे, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तो माझ्याकडे मायेनं पाहत होता. म्हणाला, "तुम्हीच लिहिलं न भाऊ, थे नाहीच म्हणते म्हणून." जाताना त्यानं खिशातून काडेपेटी काढून दाखवली. आत कापसावर अनुसयाबाईची चमकी होती. ती खोटी निघाली म्हणाला, आता खरी पाहू.

मी काल सायकलनं वारासिवनीला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. पेपरातल्या बाईले पाहायले लोक येतात, माह्या पोरीचं काय, म्हणाले. मग मी तोच वसंता, दात पाडणारा, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मला पाणीसुद्धा न देता वाटेला लावलं. त्यांना बोल लावू नकोस. म्हणून तुलाच लिहिणं आलं.

आता नीट वाच. गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरनं निघ, पण गोंदियापर्यंत येऊ नकोस. तुमसर रोडला उतर. तिथून तिरोडीची गाडी मिळते, तिच्यात मँगनीजच्या खाणीवरची थकलेली माणसं असतात, ती कोणाच्या नाकाकडे पाहत नाहीत. तिरोडीहून कटंगी आणि कटंगीहून वारासिवनीची मोटार. नुसती तू वाट बदलून भागत नाही, कारण फलाटावर तू नाही दिसलीस तर हे लोक मांडवात येतील. त्यासाठी येत्या शुक्रवारच्या अंकात मी एक बातमी लावली आहे, खिळे स्वतः जुळवून. तारामणी गुरुवारी तीनच्या गाडीनं बालाघाटला उतरणार, आणि ह्या वेळी वेश न बदलता. सारा जिल्हा येईल. गाडीतून कोणी उतरणार नाही. तेव्हा मी हातगाडीवर उभा राहणार आहे, ब्लॉक, शाईचा रूळ आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन. त्यांच्या डोळ्यांसमोर ठसा काढीन, मग टोच्यानं आणखी एक खळगा कोरून दुसरा काढीन, दोन चमक्यांची तारामणी, मग तीन चमक्यांची, आणि मग सगळा चेहरा खरवडून टाकीन. भैयालालनं वार्षिकांक पुढे केला तर सांगेन की ब्लॉक चोरीचा आहे, चोर मी, आणि त्या मुलीला ह्यातलं काही ठाऊक नाही. तुझं नाव ह्या वेळी माझ्या तोंडून निघणार नाही. पुनाराम म्हणतो, मारून टाकतील. शक्य आहे. त्यांना 'काहून फसवलं' हे कोणाला तरी विचारायचं आहे, आणि ज्यानं फसवलं तो समोर असला तर तुझ्या दारी विचारायला कोणी येणार नाही. तू फक्त एवढं कर, नागपूरहून निघताना नाकातली चमकी काढून रुमालात बांध. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घाल, आई घालायची तशी. घरी पोचलीस की पुन्हा घाल. ती तुझी आहे, मी कोरलेली नव्हे.

अजूनही तुझाच, आणि हे कुठेही न छापलेलं,
वसंता